आडव्या झाडापर्यंत

सोमवार, ६ एप्रिल

काल दुकानाची किल्ली नव्या बाईंच्या हातात दिली. दोन्ही मशीन, इस्त्रीचं टेबल, आरसा सगळं तिथेच सोडलं. आणली ती फक्त माझी कात्री आणि मापं लिहायची एक कोरी वही. छाती, कंबर, बाही, उंची असे रकाने आखलेले आहेत, त्यांच्यावरूनच आडवं लिहिते आहे. लेक फोनवर म्हणाली, "आई, तू रिकामी बसलीस तर बाबांचं काही खरं नाही. काहीतरी लिहीत जा." म्हणून हा खटाटोप.

लिहिण्यासारखी गोष्ट एकच आहे. शनिवार म्हणजे शिवणकामाच्या दुकानाचा सगळ्यात गर्दीचा दिवस. आणि शनिवार म्हणजेच आमच्या ह्यांचा मासे धरायला डोंगरात जायचा दिवस. लग्नाआधीपासूनचा. डोंगरात एकावर एक तीन तळी आहेत, खालचं, मधलं आणि वरचं. ह्यांचा जीव वरच्या तळ्यात. इतकी वर्षं मी ते तळं फक्त संध्याकाळी ऐकलं. दुकानातून यायचं, गरम पाण्यात पाय सोडून बसायचं आणि विचारायचं, "आज काय पाहिलंत?" मग हे सांगायचे. काठावरून पाण्यात पडलेलं ते आडवं झाड, उन्हापावसाने चांदीसारखं झालेलं, त्याच्यावर बसून गळ कसा टाकतात, मासे कसे खालून सरकत जातात.

दर वेळी शेवट ठरलेला. "तुझं दुकान सुटू दे, पहिल्याच शनिवारी तुला वर नेतो."

दुकान सुटलं. आज मी म्हटलं, बर्फ वितळलं की जाऊ या. हे म्हणाले, "बघू."

ह्यांच्या 'बघू'चं आणि माझं जुनं वैर आहे.

शनिवार, २ मे

हे एकटेच गेले. "वर अजून बर्फ आहे, वाट निसरडी असते, तुला झेपायचं नाही," असं बूट घालता घालताच सांगितलं. हे नवे बूट बिननाडीचे आहेत, पाय सारला की झालं. पूर्वी नाड्या बांधायला दहा मिनिटं लागायची, तेवढ्यात मला भांडायला वाव असायचा. आता तोही नाही.

संध्याकाळी चार मासे घेऊन आले. साफ केलेले, पोटं धुतलेली. मासे तळून खाल्ले. चांगले होते, पण पूर्वी वरच्या तळ्यातला ट्राउट मासा कापला की आत कसा केशरी निघायचा. हल्ली मांस फिकटच असतं. हवामान सगळीकडेच बदललंय, माशांना तरी कुठून रंग मिळणार? आणि शेपट्या बघाव्यात तर कड झिजलेली, उसवलेल्या घडीसारखी. माझी नजर कडेवरच जाते, सवय आहे.

"आडव्या झाडावर बसला होतात?"

"मग! पाठीला ऊन, समोर पाणी. वाराही नव्हता."

मंगळवार, ५ मे

पुन्हा विचारलं. स्पष्ट विचारलं, येत्या शनिवारी मला नेणार की नाही.

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "अगं, तिथे बोलून चालत नाही. मासे पळतात."

मी काय दिवसभर बोलते का? दुकानात तोंडात टाचण्या धरून मी तासन्‌तास गप्प राहिले आहे. पण मुद्दा तो नाहीच. मी सबंध आठवडा घरात असते आता. ह्यांना एक दिवस तरी माझ्यापासून सुटका हवी आहे. असेल. माणसाला तेवढा हक्क आहे. पण मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. भांडी घासताना डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्या पाण्याचाच राग आला.

ठरवलं. मी वरच्या तळ्यावर जाणार. ह्यांनी नेलं तर ह्यांच्याबरोबर, नाहीतर माझी मी. गळ टाकायला शिकणार आणि मासा धरूनच खाली येणार. हे कुणाला सांगायचं नाही.

शुक्रवार, ८ मे

एकीला सांगावं लागलं. ताई, ह्यांच्या थोरल्या बहीण. सत्तरी ओलांडली, पण जिभेला अजून गंज नाही. लहानपणी वडील दोघा भावंडांना तळ्यावर न्यायचे आणि ताईंचा हात भावापेक्षा बरा होता, असं ताईंचंच म्हणणं आहे.

मी सगळं सांगितलं. हे नको म्हणतात, टाळतात, मला बरोबर न्यायचा ह्यांना कंटाळा. ताई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला असं वाटतं?"

"दुसरं काय वाटणार?"

"बरं," म्हणाल्या, आणि माळ्यावरून आपली जुनी काठी काढायला लावली. काठीचे तीन तुकडे एकात एक बसतात. रीळ करकरत होतं, त्यात मशीनचं तेल सोडलं, लगेच सुतासारखं फिरायला लागलं. तेल माझ्या पर्समध्ये असतंच.

बुधवार, १३ मे

शाळेला सुट्टी आहे, मैदान मोकळं आहे. ताई खुर्चीवर, मी मध्यभागी काठी घेऊन. गवतावर एक बशी ठेवली आणि दोऱ्याचं टोक बशीत पडेपर्यंत घरी जायचं नाही असा ताईंचा हुकूम.

मला वाटलं होतं जोर लावला की लांब जातं. जोर लावला तर दोरा माझ्याच अंबाड्यात गुंतला. मग गंमत बघायला आलेल्या आमच्या इमारतीच्या रखवालदाराची टोपी उचलली. मग कुंपणापलीकडच्या बाईंची वाळत घातलेली चादर ओढली, त्या गॅलरीत येऊन "कोण आहे तिकडे?" म्हणून ओरडल्या आणि ताई खुर्चीत बसल्या बसल्या झोपल्याचं सोंग करत होत्या.

"मनगट सोड," ताई म्हणाल्या. "सुई ओवताना जोर लावतेस का?"

हे आधी सांगायला काय झालं होतं? मनगट सोडलं आणि दोरा हवेत उलगडून बशीच्या हातभर अलीकडे पडला. इतकं सुंदर दिसलं ते! पन्नास पाहुण्यांसमोर ब्लाउज पहिल्या फटक्यात बसावा तसा आनंद झाला.

शनिवार, १६ मे

हे गेले, आले. तीन मासे. मी मुद्दाम काही विचारलं नाही, तर ह्यांनीच सांगायला सुरुवात केली. आज म्हणे झाडावर एक पक्षी येऊन बसला, अगदी शेजारी. छान सांगतात, हे मानलं पाहिजे. मी रागावलेली असूनही काम थांबवून ऐकत होते.

एवढं चालून येऊनही माणूस ताजातवाना. उन्हाने रापतसुद्धा नाहीत हल्ली. गाडीत वर्तमानपत्र होतं, त्यातलं शब्दकोडं पूर्ण सोडवलेलं. म्हणजे मासे धरत नाहीत तेव्हा बसून कोडी सोडवतात. इतका निवांतपणा हवा असेल तर मी मध्ये कशाला कडमडू?

पण मी कडमडणारच आहे.

गुरुवार, २१ मे

आज पहिली चढाई. ह्यांना सांगितलं की ताईंबरोबर डोळे तपासायला जाते. बसने गेलो. चढाची वाट सुरू होते तिथे शेवटचा थांबा आहे. त्याच्या थोडं अलीकडे रस्त्याला लागून कुणीतरी सिमेंटचे हौद बांधून मासे पाळलेत, मोठी पाटी लावली आहे, 'जिवंत मासे, साफ करून मिळतील'. मी म्हटलं, "डोंगरात तळी असताना हौदातले मासे विकत घेणारे कसले आळशी लोक असतील हो!" ताईंनी खिडकीबाहेर तोंड वळवलं. बस लागते त्यांना.

खालच्या तळ्यापर्यंत पायवाट सोपी आहे. ताई तिथल्या बाकावर बसल्या, "मी इथून पुढे नाही, तू जा." मी निघाले. झाडीतून चढण सुरू झाली आणि अर्ध्या तासात माझा भाता वाजायला लागला. आयुष्यभर खुर्चीत बसून पाय चालवले मी, पण मशीनचं पायडल काही डोंगरावर नेत नाही. एका वळणावर वाट सरळ उभीच राहिलेली दिसली. तिथे दगडावर बसले, पाणी प्यायले आणि परत फिरले. मधलं तळंसुद्धा पाहिलं नाही.

ताईंना म्हटलं, नाही जमणार मला. ताई म्हणाल्या, "आज नाही जमलं."

शुक्रवार, २२ मे

पाय भरून आलेत. डावा गुडघा सुजलाय. सकाळी जिना आडवी होऊन उतरले, खेकड्यासारखी, कठड्याला धरून. हे खाली उभे होते. म्हणाले, "असंच उतरायचं. चांगला पाय आधी वर, दुखरा पाय आधी खाली." मला एवढी साधी गोष्ट माहीत नव्हती.

मग आपल्या कपाटातून मलम काढलं, गुडघ्याला लावायचा पट्टा काढला आणि मला खुर्चीवर बसवून स्वतः पट्टा बांधून दिला. खाली वाकायला त्रास नको म्हणून माझाच पाय स्टुलावर घेतला. फार सराईत हात चालत होता. खणात तसले अजून दोन पट्टे दिसले.

"तुम्हाला कशाला हे सगळं?"

"असावं घरात."

मलमाचा वास ओळखीचा वाटला. ह्यांच्या उशीला येतो तोच. मला वाटायचं नवा साबण.

पट्टा बांधून झाल्यावर हात गुडघ्यावर तसाच ठेवून थोडा वेळ बसले होते. काय झालं, कशाने दुखावला, काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मनात आलं, हा माणूस इतका प्रेमाने वागतो आणि तरी मला एक शनिवार देत नाही.

सोमवार, १ जून

गुडघा बरा आहे. रोज सकाळी आमच्या इमारतीचा जिना वर-खाली करते, पाठीवर पिशवी, पिशवीत इस्त्री. रखवालदार आता टोपी काढून हातात धरतो मी दिसले की.

दुपारी माश्या बनवते. गळाला लावायच्या, पिसांच्या. ह्या तळ्यांवर किडे-गांडुळं चालत नाहीत, पिसांची माशीच लागते असं ताई सांगतात. उशीतली पिसं, काळा दोरा आणि मानेशी लाल रेशमाचे दोन वेढे. ताईंनी चष्मा पुसून पाहिली. म्हणाल्या, "हिला मीसुद्धा खाईन."

बुधवार, १० जून

मधलं तळं!

त्या उभ्या वळणावर पुन्हा थांबले, पण बसले नाही. बसलं की मन वाटाघाटी करायला लागतं. श्वास मोजत एकेक पाऊल टाकलं. मग झाडी संपली आणि समोर हिरवं पाणी. कुणी नाही, आवाज नाही. ओरडावंसं वाटलं, पण मासे पळतात ना!

काठाकाठाने गळ टाकला. तीन माश्या मागच्या झाडाने घेतल्या, एक दगडाने. मासा एकही नाही. एक आला होता माझ्या माशीच्या मागे, अगदी जवळ येऊन पाहिलं, नाक मुरडलं आणि वळून गेला. माझी सावली पाण्यावर पडली होती. उभी राहायची जागा चुकली.

खाली आल्यावर ताईंनी एक एक गोष्ट विचारली. वारा कुठून होता, ऊन कुठे होतं, मासे वर येत होते की खाली. असं कुणी विचारलं की थकवा अर्धा होतो.

शनिवार, १३ जून

ह्यांनी चार मासे आणले. तीच झिजकी शेपटी. आज मी विचारलं, "वरच्या तळ्यावर ऊन सकाळी कुठल्या बाजूने येतं?"

हे म्हणाले, "डावीकडून. खिंडीतून आलीस की तुझ्या डाव्या हाताला. का गं?"

"सहज."

"खिंडीतून उतरलं की घाई करायची नाही," हे बोलतच राहिले. "आधी लांबूनच बघायचं. पाणी शांत असेल तर मासे काठाशी फिरतात, अगदी पायाशी. नवखा माणूस थेट पाण्यापाशी जातो आणि सगळं घालवतो." डोळे मिटून सांगत होते. मी बेसिनपाशी पाठ करून उभी होते आणि शब्द न्‌ शब्द मनात टाचून ठेवत होते.

गुरुवार, १८ जून

ताईंना सांगितलं की परवा जाते. शनिवारी. हे पहाटे गाडीने जातील, मी मागून पहिली बस धरीन. हे आडव्या झाडावर बसलेले असतील तिथे मागून जाऊन उभी राहीन. बोलणार नाही, मासे पळतील. नुसता गळ टाकीन. बघू देत ह्यांना, मला झेपतं की नाही.

ताई एकदम म्हणाल्या, "शनिवारी नको. बुधवारी जा."

"का?"

"शनिवारी गर्दी असते."

"वरच्या तळ्यावर गर्दी? ताई, काहीतरीच!"

ताईंनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "तू ऐकायची नाहीसच. पण एक कर. वर काहीही दिसलं, न दिसलं, तरी आधी मासा धर. मग खाली ये. रिकाम्या हाताने आणि तापल्या डोक्याने येऊ नकोस."

कबूल केलं. ताईंचं वय झालं आता.

रविवार, २१ जून

काल लिहायचं त्राण नव्हतं. आज सगळं लिहिते.

पहिल्या बसमध्ये मी आणि कंडक्टर. थांब्यावर उतरले तर आमची गाडी दिसली नाही. हे सावली बघून कुठेतरी आत लावत असतील म्हणून निघाले. उभं वळण न थांबता पार केलं. मधल्या तळ्यापाशी डबा उघडून थोडं खाल्लं. तिथून पुढे झाड नाही, सगळे दगडच दगड, पाऊल ठेवलं की हलणारे. दोनदा बसकण मारली, एकदा हात खरचटला. दोन्ही वेळा मनाने म्हटलं, पुरे झालं, इथवर आलीस हे काय कमी आहे. आणि दोन्ही वेळा मी मनाला म्हटलं, गप्प बस, मासे पळतील.

खिंडीत पोचले. ऊन डाव्या हाताला होतं.

वरचं तळं मी कसं लिहू? इतकी वर्षं ऐकलेलं ते समोर होतं. पाणी निळं नाही आणि हिरवंही नाही. पलीकडचा कडा त्यात उलटा उभा होता. मी घाई केली नाही, लांबूनच पाहिलं. सगळा काठ पाहिला. ऐकलेलं सगळं होतं, खुर्चीसारखा दगड, वरून पडणारा ओढा. आडवं झाड नव्हतं. आणि हे नव्हते.

आधी वाटलं, ही जागा ती नव्हे. मग वाटलं, हे पडले. त्या हलणाऱ्या दगडांत कुठेतरी पडलेत आणि मी शेजारून निघून आले. पळत खाली गेले, हाका मारल्या. मासे पळाले असतील तर पळू देत. पलीकडून मेंढ्या राखणारी एक बाई उतरत आली. तिला ह्यांचं वर्णन सांगितलं, उंच, पांढऱ्या मिशा, तपकिरी टोपी.

"ते होय!" ती म्हणाली. "मला गूळपापडीचा तुकडा द्यायचे ते काका." मग म्हणाली, "ते कुठे येतात आता? किती वर्षांत पाहिलं नाही. गुडघ्याचं काहीतरी म्हणत होते. कसे आहेत?"

"आणि इथलं झाड? पाण्यात आडवं पडलेलं?"

"ते तर दरडीबरोबर गेलं. त्यालाही तीनेक वर्षं झाली."

मी खुर्चीसारख्या दगडावर बसले. एक एक टाका उसवत गेला. बिननाडीचे बूट, खाली वाकावं लागू नये म्हणून. पट्टे. मलम. चांगला पाय आधी वर. साफ केलेले मासे. फिकट मांस. हौदाच्या भिंतीवर घासून झिजलेल्या शेपट्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावरचा सुताएवढा झोल ओळखणारी मी, आणि स्वतःच्या घरात काय शिवलंय ते दिसलं नाही.

मग राग आला. असा राग की कान गरम झाले. इतके शनिवार! इतक्या गोष्टी! तो शेजारी बसलेला पक्षीसुद्धा! आणि मी समजत होते की मीच नकोशी झाले आहे. ताडकन उठले, खाली जायला निघाले आणि ताईंचं बोलणं आठवलं. आधी मासा धर.

धरला. सहज नाही धरला. रागात जोर लावला आणि दोरा माझ्याच बाहीत अडकला. मग सावली मागे राहील अशी जागा शोधली. वारा पडेपर्यंत थांबले, मनगट सोडलं. काळी माशी ओढ्याच्या तोंडाशी अलगद उतरली. एक सावली खालून वर आली, माशी दिसेनाशी झाली आणि काठी वाकली. त्यानंतर काय केलं ते मलाच माहीत नाही, गुडघाभर पाण्यात होते एवढं आठवतं. मासा हातात आला तेव्हा मी मोठ्याने रडत होते. मेंढ्यांवाली बाई लांबून टाळ्या वाजवत होती. माशाची शेपटी पंख्यासारखी उघडली. कड अखंड, नव्या कापडासारखी.

उतरताना मनात भाषण तयार केलं. पाठ केलं. थांब्यावर बससाठी थांबले नाही, रस्त्याने चालत सरळ हौदांपाशी गेले. आमची गाडी मागच्या बाजूला सावलीत उभी होती. हे एका उलट्या क्रेटवर बसलेले, दुसऱ्या क्रेटवर पाय लांब टाकलेला, मांडीवर शब्दकोडं. हौदवाला शेजारी मासे साफ करत होता. त्याने मला पाहिलं, माझ्या हातातली काठी पाहिली, ह्यांच्याकडे पाहिलं आणि "मी जरा चारा टाकून येतो" म्हणत सुरीसकट निघून गेला.

ह्यांनी उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही. मला भाषण आठवेना.

"वर होतीस?" हे म्हणाले.

"वर होते."

"वरच्या तळ्यावर?"

"नाहीतर कुठे?"

मी पिशवीतला मासा काढून ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी शेपटी दोन बोटांनी उघडून पाहिली. "हा वरचाच," म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

ह्यांनी मासा मांडीवरच्या शब्दकोड्यावर ठेवला. "तू दुकानातून यायचीस, दमलेली. पाय पाण्यात सोडायचीस आणि विचारायचीस, आज काय पाहिलंत. तुझा तेवढाच डोंगर होता गं. मला जमेना झालं म्हणून तुझाही कसा बंद करू? आणि मग तू दुकान सोडलंस. वर नेतो म्हणालो होतो मी. कुठल्या तोंडाने सांगायचं होतं?"

"मला वाटलं मी तुम्हाला नकोशी झाले. इतके दिवस हेच वाटत होतं मला."

ह्यांचा चेहरा असा उतरला की माझा उरलेला राग तिथेच संपला. "वेडी आहेस का?" म्हणाले. एवढंच म्हणाले, पण माझा हात धरला. दोघांच्याही हाताला माशाचा वास.

मी दुसऱ्या क्रेटवर ह्यांच्या पायाशेजारी टेकले. ह्यांनी हळूच विचारलं, "आडव्या झाडावर बसलीस?"

हो म्हणता आलं असतं. ह्यांनी मला इतकी वर्षं ते झाड दिलं होतं, मी एक दिवस परत दिलं असतं. पण खोट्या गोष्टींचा मला वीट आला होता.

"झाड नाही आता. दरडीबरोबर गेलं. तीन वर्षं झाली."

ह्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "मग मी गेल्या शनिवारी कशावर बसलो होतो?"

मला हसू फुटलं. ह्यांनाही. आम्ही दोघं त्या क्रेटांवर इतके हसलो की हौदवाला काय झालं ते बघायला परत आला.

मंगळवार, २३ जून

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच गुडघा बदलायला सांगितलं होतं म्हणे. हे ऑपरेशनला भितात. मी म्हटलं, करू या. हे म्हणाले, "बघू."

मी शनिवारचा मासा तळून ताईंकडे घेऊन गेले. विचारलं, तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना? "मला कुठे काय कळतं," ताई म्हणाल्या, "मी आपली खालच्या तळ्यावर बसणारी." आणि माशाचा मोठा तुकडा स्वतःच्या ताटात वाढून घेतला. आत केशरी होता.

शनिवार, २७ जून

आज ह्यांनीच गाडीने सोडलं. हे आणि ताई खालच्या तळ्यावर, लहानपणी कुणाचा हात बरा होता यावरून भांडत बसले. मी वर गेले. दोन मासे.

संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी गरम पाणी आणून ठेवलं, माझ्या पायांसाठी. समोर खुर्ची ओढून बसले. "आज काय पाहिलंस?"

सांगितलं. दरडीने काठ कसा बदललाय, ओढा आता कुठे पडतो, झाड होतं तिथे पाणी किती खोल झालंय. हे पुढे वाकून ऐकत होते, मध्येच अडवून विचारत होते, वारा कुठून, ऊन कुठे. मग मी म्हटलं, "आणि त्या खोल पाण्यात, दगडाच्या मागे..." आणि थांबले.

"दगडाच्या मागे काय?"

"ते नाही सांगणार."

"अगं, काय आहे? मोठा आहे? किती मोठा?"

"येऊन बघा."

"असा छळ नको करूस."

"तुम्ही मला तीस वर्षं नेतो नेतो म्हणत झुलवलंत. आता माझी पाळी."

पाणी गार होईपर्यंत विनवण्या चालल्या होत्या. मी काही बधले नाही. मग हे उठून उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीत फोनकडे गेले, चांगला पाय आधी. मला वाटलं लेकीला माझी तक्रार सांगतात. ऐकलं तर दवाखान्याचा नंबर फिरवून विचारत होते, डॉक्टर सोमवारी असतात का.

मी पाय पुसले. माळ्यावरून ह्यांचे जुने नाडीवाले बूट काढले, धूळ झटकली आणि तेल लावून खिडकीत ठेवले. पुढच्या उन्हाळ्याला वेळ आहे, पण चामडं मऊ व्हायलाही वेळ लागतो.